दामले मास्तरांचा जामीन

रेशनकार्ड हातात पडलं तरी दामले मास्तर त्याच्या मागच्या बारीक सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मागे रांग खोळंबायची. कोपरीच्या शाळेत ते आम्हांला बजावत, "वाचून सही करा, नाहीतर अंगठा काय वाईट?"

असल्या माणसाने एकाच कागदावर न वाचता सही केली, ती माझ्यासाठी.

स्वातंत्र्यानंतर निघालेल्या एका विमान कंपनीने मला वैमानिक म्हणून घेतलं. प्रशिक्षण कंपनी देणार, त्या बदल्यात पाच वर्षं नोकरी सोडायची नाही, आणि जामीन राहणाऱ्याचं स्वतःचं घर हवं. मला वडील नव्हते. मास्तर आपण होऊन आले. कचेरीत त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचायला घेतलं तसा साहेब घड्याळाकडे बघून हसला. मोठ्या माणसासमोर कागद तपासत बसणं म्हणजे त्याचा अपमान, अशी आमची समजूत. मी कुजबुजलो, "मास्तर, राहू द्या ना. साहेबांना वाईट वाटेल." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. माझ्या त्या भिडेची मला अजून चीड येते.

दुसऱ्याच वर्षी एका विमानाच्या इंजिनातून तेल गळताना दिसलं. मी ते न्यायचं नाकारलं. साहेबाने कराराचं सहावं पान पुढे सरकवलं. उड्डाण नाकारणं म्हणजे करार मोडणं, असं तिथे लिहिलं होतं. माझा परवानाही त्याच्याच कपाटात. "उद्या विमान न्या, नाहीतर मास्तरांचं घर जाईल," असं तो हरामखोर चहा पीत म्हणाला.

मी तडक कोपरीला गेलो. सगळं सांगून म्हणालो, "नेतो मी विमान."

मास्तर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी ओरडले. "अरे, मागे वीस माणसं बसणार ना? माझ्या चार खोल्यांसाठी त्यांना घेऊन मरणार तू? गेलास तर या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

मी गेलो नाही. घर गेलं. मास्तर आणि काकू डोंबिवलीला भाड्याच्या एका खोलीत राहायला गेले.

पुढे सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. परवाना टपालाने आला, सोबत साधी चिठ्ठी नाही. मास्तर एवढंच म्हणाले, "घराचं नाव काढायचं नाही. उडायला लाग." दोन वर्षांनी त्याच खोलीत ते गेले. लोक म्हणतात, विसरा आता. का विसरू?

परवा विमान ठाण्याच्या खाडीवर आलं तेव्हा शेजारच्या नव्या वैमानिकाने विचारलं, "खाली तुमची कोपरी ना?"

"तिथे आमचं कोणी नाही," मी म्हणालो.