पेटीवर ठेवलेलं मत

पहिल्या निवडणुकीची यादी करायला मास्तर आमच्या गल्लीत आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि पक्की मूर्ख होते. मूर्खपणाला चौथी पासची सनदही होती, तीही निजामाच्या शाळेतली, उर्दूतून. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत लिहिता-वाचता येणारी सून मी एकटीच. म्हणून बायकांनी मला पुढं केलं, आणि पदर दातात धरून मी दारात अशी उभी राहिले, जणू खुद्द सुभेदार माझ्याकडं अर्ज घेऊन आलाय.

"बाई, घरातल्या बायकांची नावं सांगा."

"घरंदाज बायका परक्या माणसाला नाव सांगत न्हाईत. लिहा, अमक्याची आई. लिहा, तमक्याची बायको."

मास्तर घामाघूम झाले होते. "असं लिहिलं तर नाव कटेल, बाई. तसा हुकूम हाय."

"कटू द्या. अब्रू तर कटत न्हाई!"

काय ते बाणेदार उत्तर! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. दाराआडून सासूबाई पुढं येत होत्या, त्यांना नाव सांगायचं होतं. मला ते दिसलं होतं, तरी मी डोळे वटारून त्यांना मागं सारलं. गल्लीतली सगळी घरं मी अशीच उरकली.

मतदानाच्या दिवशी सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. कारकुनानं यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि मान हलवली. गल्लीतल्या एकूण एक बायका परत आल्या, पुरुष तेवढे मत देऊन आले. घरी चूल पेटवताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माझं नाव काय वाईट न्हवतं गं."

निवडून कोण आला? निजामाच्या अमलात जो लेव्हीच्या धान्यवसुलीला अंमलदारांच्या गाडीत बसून फिरायचा तो. भोकरदनकडं माझ्या माहेरी कुणाच्या कणगीत किती ज्वारी आहे ते हाच बोटानं दाखवायचा. पोलीस ॲक्शन झाली तसा पंधरा दिवस गायब झाला आणि परतला तो पांढरी टोपी घालूनच. टोपीला इस्त्रीसुद्धा केलेली.

त्यानं आमच्या गल्लीला नळ द्यायचं कबूल केलं होतं. चर खणला गेला, गल्लीच्या तोंडाशी लोखंडी पाइप येऊन पडले. आम्ही त्या पाइपांना हळदकुंकू वाहिलं. आरती कुणी म्हटली? मीच, सगळ्यांत मोठ्या आवाजात. आठ दिवसांत चर वळला आणि त्याच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात शिरला. विचारायला गेलेल्या माणसांना तो म्हणाला, "गल्लीचं काम पुढच्या टप्प्यात." आम्ही गल्लीमागच्या बारवेवरच पाणी भरत राहिलो. मला सातवा महिना लागला असताना मी भरल्या घागरीसकट तिथल्या शेवाळल्या पायरीवरून घसरले. मूल राहिलं नाही. त्या माणसाची बायको भेटायला आली, दोन मोसंब्या घेऊन, आणि म्हणाली, "देवाची मर्जी." मी त्या मोसंब्या खाल्ल्या. त्या का खाल्ल्या याचा राग मला अजून आहे.

तेवढ्यात राज्य पुन्हा बदललं. निजाम गेल्यावर हैदराबादचं सरकार आलं होतं, मग एका सकाळी कळलं की आम्ही आता मुंबईचे. कचेरीतले शिक्के बदलले. बारवेच्या पायऱ्या त्याच.

दुसऱ्या निवडणुकीला तोच माणूस पुन्हा उभा राहिला. या खेपेला यादीवाले मास्तर आले तेव्हा सासूबाईंनी मला दाराकडं फिरकूच दिलं नाही. स्वतः ओट्यावर बसून सगळ्यांची नावं लिहवून घेतली, माझंसुद्धा. आणि मी? मी ऐन मतदानाच्या सकाळी भाकरी थापताना जाहीर केलं, "मी जाणार न्हाई, आत्याबाई. एक चोर, दुसरा चोराचा साडू, अन् तिसऱ्यानं बारव कधी बघितली न्हाई. यातल्या कुणाला देऊ मत?"

"मंग घरी बसून काय करशील?" सासूबाईंनी विचारलं.

"निषेध."

"ते काय असतं?"

"राग दाखवायचा."

"कुणाला? भिंतीला?"

आमचे हे पाटावर बसले होते, ते हसले. मी तव्यावरची भाकरी करपू दिली.

"तुम्हाला गंमत वाटून राह्यली," मी म्हणाले. "मत द्यायचं म्हणजे त्यांच्या खेळात सामील व्हायचं."

सासूबाई थंडपणे म्हणाल्या, "मागच्या खेपेला माझं मत तू घालवलंस. आज तुझं घालवतीस. एका घरात एकीनं किती मतं घालवायची?"

पिठाचे हात धुऊन मी निघाले, पण वाटेत मला शक्कल सुचली. तेव्हा आतासारखं नव्हतं. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याचं चित्र. कागदावर खूण करायची नसे, पसंतीच्या पेटीत तो नुसता टाकायचा. मी ठरवलं, कागद घ्यायचा आणि कुठल्याच पेटीत टाकायचा नाही, पेटीवर उघडा ठेवून यायचं. मोजणारे बघतील. जुन्या जालन्यातल्या एका बाईला यातला एकही मंजूर नाही, ही खबर मुंबईपर्यंत पोचेल. मंत्री एकमेकांच्या हातात माझा कागद देतायत, हे सुद्धा माझ्या डोळ्यांसमोर आलं. असं होतं ते चौथी पास डोकं.

दिल्लीचा, म्हणजे लोकसभेचा, कागद वेगळा होता. तो मी मुकाट टाकला. तिथल्या कुणाला मी ओळखत नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर राग नव्हता. मग मुंबईचा, विधानसभेचा, कागद घेऊन पडद्याआड गेले. त्या माणसाच्या पेटीच्या डोक्यावर कागद ठेवला, पेटीला एक चापट मारली आणि मान ताठ करून बाहेर आले.

माझ्यामागं सासूबाई आत गेल्या. बराच वेळ झाला. कारकून ओरडला, "अम्मा, जल्दी करा, मागं रांग लागली हाय!" तेव्हा त्या बाहेर आल्या, बोटावरच्या शाईकडं बघत.

रस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, "आत कुणाचा तरी कागद उघडा पडला होता."

"पडला न्हवता, आत्याबाई, मी ठेवला होता. तो माझा निषेध."

"असं होय? मी तो टाकला."

"टाकला? कुठं?"

"पेटीत. माझ्यामागं पाळीत कोण होतं, बघितलंस का? त्याच्याच जिनिंगमधल्या मुनिमाची बायको. तिनं तो उचलून कुठं टाकला असता? ठेवला होतास पण बराबर त्याच्याच पेटीवर!"

मी रस्त्यातच थांबले. हे मला सुचलंच नव्हतं. ज्याच्यावर मी पाच वर्षं दातओठ खात होते, त्याला मी माझं मत ताटात वाढून आले होते आणि वर पेटीला चापटही मारून आले होते. संतापानं डोळ्यांत पाणी आलं, आणि संतापायला समोर सासूबाईंशिवाय कुणी नव्हतं.

"पण कुठल्या पेटीत टाकला?"

"मत गुपित असतं. मास्तर म्हणून राह्यले होते."

"अहो, पण ते माझं मत होतं!"

"तुझं असतं तर तू टाकलं असतंस. एक माझं यंदाचं, अन् एक माझं मागचं."

ह्यांना कळलं तेव्हा ते घाबरले. "आई, गुन्हा हाय तो! बिलकुल कुणापुढं बोलू नकोस!" सासूबाई म्हणाल्या, "जा मंग, पोलिसांना सांग, माझ्या आईला धरा म्हणून."

तो माणूस पुन्हा निवडून आला. गुलालाची मिरवणूक आमच्याच गल्लीतून गेली, आणि मी दार लावून आत धुमसत बसले. माझा कागद त्याच्या पेटीत तर नसेल ना? सासूबाई जुन्या वळणाच्या, त्याच्या बायकोशी त्यांचं हळदकुंकवाचं जाणंयेणं. मी त्यांना रोज विचारायचे. दळताना, निवडताना, वेणी घालताना. त्यांचं एकच, "गुपित."

एक दिवस बारवेवर मी पुन्हा तेच काढलं, आणि या खेपेला जिभेला हाड ठेवलं नाही. "त्यालाच दिलं असेल तुम्ही. तुम्हाला काय त्याचं! गेलं ते माझं गेलं."

सासूबाईंनी डोक्यावरची घागर उतरवून पायरीवर ठेवली. त्या चिडलेल्या मी क्वचितच बघितल्या होत्या.

"ते पोर माझं कुणीच न्हवतं का गं?" त्या म्हणाल्या.

मी त्यानंतर विचारलं नाही. घागरी उचलून आम्ही दोघी वर चढू लागलो. त्या पुढं झाल्या, शेवाळ कुठं धरलंय ते पायानं चाचपत.