बडनेरा ओलांडलं की दमणारी गाडी

बाबांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा मी ती मागितलेली नव्हती. काचबिंदूमुळे त्यांचं बाजूचं दिसणं कमी होत चाललं होतं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली होती. तपासणी अमरावतीला, माझ्या घराजवळच्या दवाखान्यात. राहायला ते आणि आई अकोल्यात. तेल्हाऱ्याकडे आमचं शेत आहे. तिथली वांगी, टोमॅटो, झेंडू विकायला अकोल्याचा बाजार बरा, म्हणून बाबांनी फार पूर्वीच घर अकोल्यात केलं होतं. आता दर तपासणीला त्यांना आणायचं आणि परत सोडायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यासोबत त्यांची जुनी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी गाडी.

"ठेव तुह्यापाशी," ते म्हणाले. "मले आता काय कामाची?"

मी ब्लाउज शिवते. अमरावतीत माझं छोटंसं दुकान आहे. गाडी चालवायला शिकले ती चाळिशी उलटल्यावर, मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा. गावातल्या गावात चालवत होते, पण अकोल्याच्या हायवेवर बाबांना शेजारी बसवून चालवणं म्हणजे परीक्षाच.

पहिल्याच खेपेला परीक्षेत नापास झाले. बाबांना सोडायला अकोल्याकडे निघालो, बडनेरा ओलांडलं, मूर्तिजापूरच्या दिशेने थोडं पुढे गेलो आणि गाडी जड वाटू लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढेना. मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे जाऊ लागले. शेवटी मी गाडी कडेला घेतली.

"काहून वं, थांबवली काहून?"

"बाबा, ओढतच नाई."

"ओढन कशी? तुहा डावा पाय क्लचवर राह्यते. नव्या माणसाचं असंच असते."

खरंच तसं असेल, असं मला वाटलं. आम्ही खाली उतरलो, पाय मोकळे केले, बरोबर आणलेल्या पोळ्या खाल्ल्या. परत बसलो तर गाडी पहिल्यासारखी पळू लागली. बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. थोडी विश्रांती घेतल्यावर पाय जागेवर आला, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

पुढच्या खेपेला तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. नवऱ्याने सांगून टाकलं, "विकून टाक. जुन्या गाडीचं हे लागूनच राह्यते." मला ते पटत नव्हतं. पण खरं लागलं ते वेगळंच. चुलतभावाकडे साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सगळे जमले होते. कोणीतरी गाडीची चौकशी केली, तर बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "गाडी चांगली हाये. चालवणारी नवी हाये, एवढंच."

सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवशी परत येताना मी मनाशी पक्कं केलं की हे आता शोधून काढायचं. दोष माझ्या पायाचा असेल तर पायाला वळण लावीन. गाडीचा असेल तर ती दुरुस्त करून घेईन. पण कोणाच्या अंदाजावर बोलणी खायची नाहीत.

आमच्या भागात एक गॅरेज आहे. तिथले भाई माझ्या नवऱ्याची मोटरसायकल वर्षानुवर्षं बघतात. त्यांनी प्लग बदलले, हवेचा आणि पेट्रोलचा फिल्टर बदलला, आणि स्वतः गावात एक चक्कर मारून आले.

"ताई, गाडी तो मस्त चालून राहिली."

"गावात चालते, भाई. बडनेऱ्याच्या पुढे गेलं की दमते."

"गरम झाली की?"

"हो. आणि थोडं थांबलं की पुन्हा ठीक."

त्यांनी डोकं खाजवलं. बिघाड समोर दिसल्याशिवाय ते तरी काय करणार? मग त्यांनी मलाच कामाला लावलं. गाडी दमेल तेव्हा इंजिनच्या तापमानाचा काटा कुठे आहे ते बघा. काटा बरोबर असेल तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. कधी कधी झाकणातून हवा आत जात नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. झाकण उघडल्याबरोबर गाडीने जोर धरला, तर समजा चोर तिथेच आहे.

पुढच्या खेपेला मी दोन्ही करून पाहिलं. काटा निम्म्यावर स्थिर होता. झाकण उघडलं, पुन्हा लावलं, लगेच गाडी पुढे काढली, तरी ती तशीच जड. बाबा आतून विचारत होते, "झाकणात काय पाहून राहिली?" मला मात्र बरं वाटलं. दोन कारणं तरी बाद झाली होती.

त्याच आठवड्यात दुकानातलं एक शिलाई मशीन जड झालं. असं झालं की मी आधी पट्टा काढते आणि मोटार एकटीच फिरवून बघते. मोटार मोकळी फिरली तर दोष मशीनमध्ये आणि मोटारच अडखळली तर दोष मोटारीत. पट्टा हातात धरला आणि गाडीची आठवण झाली. आम्ही सगळे इंजिनच बघत होतो. पण इंजिन दमतं की गाडी, हे कोणीच वेगळं करून पाहिलं नव्हतं. गाडी न्यूट्रलमध्ये टाकणं म्हणजे पट्टा काढणंच की.

पण त्याआधी पायाचा निकाल लावायचा होता. तपासणी झाल्यावर बाबांना घेऊन निघाले. बडनेरा मागे पडलं, गाडी टॉप गिअरमध्ये आली, तसा मी डावा पाय पार मागे, सीटच्या बुडाशी ओढून घेतला.

"बाबा, माझा पाय कुठं हाये ते पाहा."

"मले खालचं नीट दिसत नाई माय."

"मंग हात लावून पाहा."

ते वाकले आणि त्यांनी माझ्या गुडघ्याखाली हात ठेवला. तसाच ठेवून बसले. माळ्याचा हात, खरबरीत. रस्ता सरळ होता. काही वेळाने नेहमीसारखा तो जडपणा सुरू झाला. वेग उतरत गेला. बाबांचा हात माझ्या पायावरच होता आणि पाय हलला नव्हता.

त्यांनी हळूच हात काढून घेतला.

"मंग गाडीच हाये," ते म्हणाले. आवाजात कुरकुर नव्हती, उलट हुशारी आली होती. "घे बाजूले. आज पाहूनच घेऊ."

डांबराशेजारी सपाट मुरुम होता, तिथे गाडी उभी केली. न्यूट्रलमध्ये टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन झटक्यात उठलं, खणखणीत आवाज, कुठे अडखळणं नाही.

"इंजिनाले तं काईच झालं नाई," बाबा म्हणाले.

इंजिन बंद केलं, हँडब्रेक सोडला आणि आम्ही दोघं मागे जाऊन ढकलू लागलो. या गाडीला सपाटीवर मी एकटी हलवते. दोघांनी जोर लावूनही ती जागची हलली नाही. म्हणजे कोणीतरी तिला धरून ठेवलं होतं.

एकेका चाकाजवळ जाऊन तळहात लांबून धरला. मागची दोन्ही कोमट. पुढचं उजवं थोडं ऊन. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि तसाच मागे घेतला. जाळासमोर बसल्यासारखी धग येत होती. जळका वासही होता. बाटलीतल्या पाण्याचे थेंब चाकाच्या लोखंडावर टाकले तर चर्र करून उडून गेले.

"सापडलं!" मी जवळजवळ ओरडलेच. बाबांनी वाकून स्वतः वास घेतला आणि मान हलवली.

भाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, स्टिअरिंग डावीकडे ओढते का?"

ओढत होतं. रस्त्याचा उतार आहे असं समजून मी ते सावरत आले होते.

"ब्रेक पकडून राहिला. चाक ठंडा होऊ द्या. ब्रेक गेला नाही हे जागेवरच दाबून बघा, मग हळू परत आणा. पण अकोल्याले जाऊ नका आज."

चाक निवल्यावर ब्रेक दाबून पाहिला आणि गाडी माघारी वळवली. वाटेत थांबून चाकाची धग बघत गॅरेजला पोहोचलो, तोवर चाक पार गार झालं होतं. भाईंनी जॅकवर गाडी उचलून चाक फिरवलं, तर ते छान मोकळं फिरलं. बाबांचा चेहरा पडला. "आता कसं फिरून राहिलं हे?"

"थांबा बाबूजी." भाईंनी मला आत बसवून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायला लावला. मग पाय काढायला सांगितला आणि चाकाला झटका दिला. चाक जाम. पाय काढल्यावर मी ब्रेकला शिवलेसुद्धा नव्हते. मग त्यांनी चाकामागचा छोटा स्क्रू किंचित सैल केला. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं.

ब्रेकचं ऑइल चाकाकडे नेणारा रबरी पाइप त्यांनी काढला आणि मधोमध कापून आमच्यासमोर धरला. वरून धडधाकट, आतून मात्र फुगून बंद होत आला होता. बारीक तारसुद्धा नीट जाईना. पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, पण परत यायला वाट नव्हती. त्यामुळे ब्रेक थोडा धरलेलाच राहायचा, घासून तापायचा, तापलं की ऑइल फुगायचं आणि पकड आणखी घट्ट व्हायची. थांबून निवलं की हळूहळू सुटायचं. "मी बी इंजिनातच घुसून राहिलो होतो," भाई म्हणाले आणि हसले. त्यांनी दोन्ही बाजूंचे पाइप नवे टाकायला घेतले.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. बाबांच्या हातात त्या पाइपचा तुकडा होता.

"माह्या हातात बी असंच होये," ते अचानक म्हणाले.

"काय?"

"गाडी देण्याच्या आधी. अशीच जड होये. मले वाटलं, माहाच पाय कुठं तरी राहून राहिला, अन् मले समजत नाई. वय झालं. डोळे गेले, आता पाय बी गेले." त्यांनी तुकडा बोटांत फिरवला. "कोणाले सांगतलं नाई. तुह्या आईले बी नाई."

मला सगळं उमगलं. मला सांगितलेला दोष त्यांनी आधी स्वतःला लावून घेतला होता. साक्षगंधातल्या त्या बोलण्याचा राग मनात होता, पण तो पुढे काढावासा वाटेना.

"तुमचे पाय ठणठणीत हायेत, बाबा."

"हाव," ते म्हणाले. "पाय हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. मी मुद्दाम एकदा थांबून चाकाजवळ हात धरला, दोन्ही बाजू सारख्याच. बोरगावच्या अलीकडे कापसाने फुगलेला एक ट्रक रस्ता अडवून रमतगमत चालला होता. मी सवयीने मागेच राहिले. बाबांनी मान पुढे काढून पाहिलं. ट्रक त्यांना समोर स्पष्ट दिसत होता.

"मागं काहून राहिली?" ते म्हणाले. "काढ पुढं."

मी आरशात पाहिलं, गिअर उतरवला आणि गाडी पुढे काढली.