वाट सोडा, गयाची लेक आली

माईक माझ्या तोंडावर आदळला तेव्हा आधी आवाज आला, मग दुखलं. माईक चालू होता. माझा दात तुटल्याचा आवाज धावडा गावातल्या अख्ख्या मांडवानं स्पीकरवर ऐकला.

मारणारा आबा. नवरदेवाचा चुलता, गावातला मोठा जमीनदार. त्याच्या घरच्या हळदीची सुपारी घेऊन मी गायला गेले होते.

आमच्या धंद्यात रीत आहे. गाणं कुठलंही असो, यजमानाचं नाव त्यात घालायचं. चालीत बसलं की पब्लिक शिट्ट्या मारतं. मीही घालत आले. आमच्या भीमनगरात जयंतीच्या स्टेजवर गायला लागले, तिथून हळदी, तिथून भोकरदनच्या एका खोलीतल्या स्टुडिओत माझं स्वतःचं गाणं. 'वाट सोडा, गयाची लेक आली.' बघता बघता परतूरपर्यंत एकही डीजे त्याच्याशिवाय वाजेना. गया म्हणजे माझी आई.

आबानं फर्माईश तीच केली. फक्त म्हणाला, "कापूस येचणारीचं नाव माझ्या मांडवात न्हाई पाहिजे. 'आबाची स्वारी आली' म्हण. बराबर बसतंय."

बसत होतं. चालीत अगदी बसत होतं. त्याचाच संताप आला.

आई ह्याच आबाच्या वावरात कापूस वेचायची. वेचता वेचता गायची. मी लहान, तिच्या मागं मागं. एक दिवस हा बांधावरून आला, पायातली चप्पल काढली आणि तिच्या तोंडावर हाणली. "गाणे म्हणायला बोलावलं का तुला?" तिचा ओठ फाटला. रक्त कापसावर सांडलं, तर माल खराब केला म्हणून वर शिवी. त्यानंतर आई वावरात काय, घरातही गायली नाही. माझ्या गाण्याची चाल तिचीच आहे.

क्षणभर वाटलं, घालावं नाव आणि सुटावं. मग तो ओठ आठवला. म्हणाले, "आबा, ह्या गाण्यात एकच नाव ऱ्हातंय."

आणि गायले. आईचं नाव पूर्ण घेतलं. पुन्हा घेणार तेवढ्यात त्यानं माईक हिसकावला आणि मारला. मी खाली पडले. मग त्याच्या माणसांच्या लाथा. हळदीनं पिवळे झालेले पाय होते ते, आत्तापर्यंत माझ्याच गाण्यावर नाचलेले.

आई दवाखान्यात आली. रडली नाही. विचारलं, "नाव पुरं घेतल्तं का?"

"घेतल्तं."

कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरला. गाणं खरं पेटलं ते तेव्हा. मी पोलिसांत केस केली. आता आबाचे निरोप येतात. "केस मागं घे. जल्दी मिटवू. दात बसवून देतो." माझ्या तोंडातला दात आणि उपकार ह्याचे.

मिटवणार नाही. कोर्टात तोंड उघडून भोक दाखवणार आहे. आणि धावड्याच्या जयंतीची सुपारी घेतलीय. तिथलं स्टेज आबाच्या गेटासमोर लागतं. आईला शेजारी उभी करणार. ती अजून हो म्हणाली नाही, पण परवा भाकरी थापताना चाल गुणगुणत होती. स्टेजवर पहिली ओळ तिची, दुसरी माझी. ज्याला चप्पल काढायची त्यानं काढावी. ह्या वेळी माईक मी हातातून सुटू देणार नाही, आणि मारायची वेळ आली तर तोच फिरवणार.