हिला करमत नाही

आमच्या नेपरव्हिलच्या घरी नवीन माणसं जेवायला आली की माझा मुलगा एक गोष्ट हमखास सांगतो. आई-बाबा कायमचे सोलापूरला परत निघाले होते, ग्रीन कार्डसुद्धा परत करणार होते. मग ते तीन दिवस विस्कॉन्सिनमधल्या एका खेड्यात, एका स्कॉटिश बाईच्या घरी राहायला गेले. तिने आईला ओटमील खायला घातलं आणि आईचा विचार बदलला. "एका वाटीवर आई अमेरिकेत राहिली," असं तो शेवटी म्हणतो. पाहुणे हसतात. बायको वाढत असते. मीही हसतो.

गोष्ट खरी नाही. त्यात मुलाचा दोष नाही, कारण त्याला ती मीच तशी कळू दिली. आता ऐंशीच्या जवळ आलो आहे आणि ती खरी घडली तशी लिहून ठेवायची आहे.

आमच्या पिढीतल्या पुरुषांची एक पद्धत होती. "मला यायचं नाही" असं आम्ही कधी म्हणत नसू. लग्नाला जायचा कंटाळा आला की "हिची तब्येत बरी नाही." कुणाकडे मुक्काम टाळायचा असला की "हिला परक्या घरी झोप लागत नाही." बदली नको असली की साहेबांना सांगायचं, "मिसेसना तिकडची हवा मानवत नाही." मी पाटबंधारे खात्यात इंजिनियर होतो. नोकरीच्या काळात मी बायकोला दमा, अर्धशिशी आणि पित्त असे तीन आजार देऊन ठेवले होते. प्रत्यक्षात ती खणखणीत होती. आपण खोटं बोलतोय असं मनातही येत नसे. ऐकणाऱ्यालाही ते कळायचं, कारण तोही हेच करायचा.

मुलाकडे अमेरिकेत आलो तेव्हा ही सवय सामानाबरोबर आली.

मला इथे करमत नव्हतं. सोलापूरला सकाळी फिरायला जाणारा आमचा एक कट्टा होता. निवृत्त झालो तरी रस्त्यात लोक "साहेब" म्हणून थांबायचे. इथे मी मागच्या सीटवर बसणारा माणूस झालो. नात शाळेतून यायची, "हाय आजोबा" म्हणायची आणि माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तर देऊन खोलीत जायची. बर्फात तर दारापुढचा रस्तासुद्धा आपला वाटत नसे. पण बापाने मुलाला "मला एकटं वाटतं" असं कसं सांगायचं? म्हणून एका संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "तुझ्या आईचं इथे मन लागत नाही रे. हिला करमत नाही. आम्ही आता परत जावं म्हणतो."

मुलगा हळवा आहे. आईचं नाव काढल्यावर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. महिनाअखेर जायचं ठरलं, तिकिटं त्या आठवड्यात काढायची होती. कायमचंच जायचं तर ग्रीन कार्डही परत करून टाकू, असं मीच म्हणालो. एकदा परत केलं की पुन्हा मिळणं कठीण, हे मला माहीत होतं. मला तेच हवं होतं. दोर कापलेले बरे.

बायकोला मी हे सांगितलं, विचारलं नाही. ती "बरं" म्हणाली आणि नंतर घरात फारसं बोलेनाशी झाली.

हे फक्त सुनेच्या लक्षात आलं. ती नागपूरची आहे, ऑफिसात मोठी टीम सांभाळते आणि माणसाचा चेहरा बघून काम थांबवणाऱ्यांपैकी आहे. तिने विस्कॉन्सिनमधलं ते बेड अँड ब्रेकफास्ट शोधलं आणि आम्हा दोघांना तीन दिवसांसाठी बुक करून टाकलं.

मी लगेच म्हणालो, "अगं, हिला बाहेरचं चालत नाही. परक्या घरी हिला झोपही..."

"बाबा, कॅन्सल केलं तर पैसे परत मिळत नाहीत," ती म्हणाली. "आणि आईंना मी विचारलंय. त्या हो म्हणाल्यात."

पैसे परत मिळत होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

ऑक्टोबरचा मधला आठवडा होता. सुनेने आम्हाला गाडीने नेऊन सोडलं. उतरत्या टेकड्या, कापून नेलेला मका, लाल रंगाचं गुरांचं कोठार आणि त्यापलीकडे पांढरं लाकडी घर. मालकीणबाई आमच्याच वयाच्या. रबरी बूट घालून मेंढ्यांना चारा टाकत होत्या. तरुणपणी स्कॉटलंडमधल्या एका बेटावरून लग्न करून इथे आल्या. नवरा गेल्यावर वरच्या तीन खोल्या त्यांनी पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. त्या आठवड्यात पाहुणे म्हणजे आम्ही दोघंच. खोलीत चौकटीचौकटीची लोकरीची पांघरुणं होती आणि भिंतीवर एका खडकाळ किनाऱ्याचं चित्र होतं. आमच्या बॅगेत मेतकूट, शेंगांची चटणी आणि छोटा राइस कुकर. तो मीच भरायला लावला होता.

संध्याकाळी चहा देताना बाईंनी सकाळच्या नाश्त्याचं विचारलं. मी दोघांचं सांगून टाकलं: टोस्ट आणि चहा, अंडी नकोत, पॉरिज नको, माझ्या पत्नीला ते आवडत नाही.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या दोन पावलं चालून माझ्या बायकोच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"आणि तुम्हाला काय आवडेल?"

"तिला इंग्रजी फारसं येत नाही," मी म्हणालो.

"मी हळू बोलेन," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "या घरात एकाची ऑर्डर मी दुसऱ्याकडून घेत नाही. ज्याचं पोट त्याने सांगायचं."

आवाजात राग नव्हता. मेंढ्यांचं कुंपण कुठे संपतं ते सांगावं तसं सांगितलं. बायकोने मान वर केली आणि इंग्रजीत म्हणाली, "पॉरिज, प्लीज."

मी मराठीत हळूच म्हटलं, "अगं, ते ओटमीलच असतं. गिळगिळीत. तुला नाही आवडायचं."

"तुम्हाला कसं माहीत?" ती म्हणाली.

मला खरंच कसं माहीत होतं? मी चहा प्यायलो.

सकाळी मी खाली आलो तेव्हा जेवणाच्या मोठ्या टेबलावर माझ्या एकट्याचं ताट मांडलेलं होतं. बायको स्वयंपाकघरात होती. मधलं दार अर्धं उघडं होतं, त्यातून ती दिसत होती. बाई लाटण्याहून बारीक अशा गोल काठीने पातेलं ढवळत होत्या आणि बायको शेजारी उभी राहून बघत होती. बाईंनी मीठ घातलं, साखर नाही. एका भांड्यात थंड साय काढून ठेवली.

बायकोने पहिला चमचा घेतला आणि हसली. तिचं माहेर सोलापूरच्या पलीकडचं, लहानपणी त्यांच्याकडे सकाळी ज्वारीच्या कण्या असायच्या, मीठ घालून शिजवलेल्या, वर दूध नाहीतर ताक. आमच्या घरी ती कधी त्या करत नसे, कारण मला आवडत नसत. हे सगळं ती बाईंना सांगू लागली. 'ज्वारी' हा शब्द तिने तसाच ठेवला, बाकीचं इंग्रजीत. वाक्यं तुटत होती, पण ती थांबत नव्हती. मला धक्काच बसला. दर मंगळवारी सून तिला लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गाला सोडायची, हे मला ठाऊक होतं. तो वेळ घालवण्याचा उद्योग आहे असं मी धरून चाललो होतो.

मग तिने वर जाऊन मेतकूट आणलं आणि पॉरिजवर भुरभुरवलं. बाईंनीही चमचाभर घेतलं.

"हे आमच्या देशात नेलं असतं तर आम्ही इतके गंभीर झालो नसतो," त्या म्हणाल्या. दोघी हसल्या. मी टोस्टला लोणी लावत होतो.

थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, "तुमची सून म्हणत होती, तुम्ही कायमच्या घरी परत चाललात. आनंद होत असेल ना?"

पातेल्यावर काठी ठेवल्याचा आवाज आला. मग बायको सावकाश, शब्द शोधून म्हणाली, "यांना जायचं आहे. मला कुणी विचारलेलं नाही."

तक्रारीचा सूर नव्हता. हवामान सांगावं तसं. बाईंनी तिची वाटी पुन्हा भरली.

दुपारी आम्ही घरामागच्या टेकडीवर चढलो. मोबाइलला रेंज तिथेच मिळते, असं बाईंनी सांगितलं होतं आणि मुलगा तिकिटांसाठी माझ्या फोनची वाट बघत होता. चढताना मी म्हणालो, "सकाळी तू जे म्हणालीस ते मी ऐकलं."

"ऐकू यावं म्हणूनच दार उघडं ठेवलं होतं."

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"कुणाला? मुलाला वाटतंय, आई रडतेय सोलापूरसाठी. त्याला काय सांगू, तुझे बाबा खोटं बोलतात?" ती दम खायला थांबली. "अहो, तिकडे माझं काय आहे सांगा बरं. तुमचा कट्टा आहे. कट्टा घरी येतो. त्यांचा चहा आहे. तुमच्या गावाकडच्यांची दवाखान्याची कामं आहेत, त्यांचे डबे आहेत. मी दुपारी तीनला आडवी झाले की बेल वाजते. इथे मी मंगळवारी वर्गाला जाते. माझ्या शेजारी एक कोरियन बाई बसते. ती मला विचारते, काल काय केलं? आणि मला ते सांगावं लागतं. चाळीस वर्षांत कुणी विचारलं होतं?"

"मला इथे करमत नाही गं," मी म्हणालो. हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर बोललो.

"माहितीये मला," ती म्हणाली. "ते मला दिसत होतं. तेवढंच म्हणाला असतात तर मी आलेही असते कदाचित. पण माझ्या नावाने नेत होतात."

आम्ही बराच वेळ एका सपाट दगडावर बसलो. खाली बाई कोठारातून गवत काढत होत्या. मग मी मुलाला फोन लावला.

"तिकिटं काढू नकोस. आम्ही राहतोय."

तो आधी घाबरला. "आई ठीक आहे ना?"

"एकदम ठीक आहे."

"मग काय झालं? आईचा विचार बदलला?"

इथे सांगायला हवं होतं. जीभ वळलीच होती. आणि मी म्हणालो, "हो. तिचा विचार बदलला."

फोन ठेवला. बायको माझ्याकडे बघत होती.

"टाका, अजून टाका माझ्यावर," ती म्हणाली. "जागा आहे अजून."

तिला हसू आलं होतं, म्हणून मीही हसलो आणि प्रकरण तिथे मिटलं असं मानलं. ते मिटलं नव्हतं. मुलाने त्याची गोष्ट बनवली आणि ती इतक्या वेळा सांगितली की आता नातही सांगते, इंग्रजीत, वाटीच्या अभिनयासकट. त्या गोष्टीत माझी बायको चंचल ठरते. आज हे हवं, उद्या ते हवं, आणि एका वाटीने पटणारी. तिचा विचार कधी बदलला नाही. तिला राहायचंच होतं. तिला ते कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता आभाराचं. त्या बाईंना मी निघताना "सगळं छान होतं" एवढंच म्हणालो, जसं सगळे पाहुणे म्हणतात. एका घरातल्या साध्या नियमाने माझ्या संसारातली इतकी जुनी खोड उघडी पाडली आणि तरी मला शरमेने मान खाली घालायला लावली नाही, यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मलाही समोर उभं राहून विचारलं होतं, तुम्हाला नक्की काय आवडतं? टोस्ट मला आवडत नाही, हे त्या वेळी लक्षात आलं. सुनेचा मी ऋणी आहे. ती थोडं खोटं बोलली आणि ते माझ्या सगळ्या खोट्यांपेक्षा चांगल्या कामी आलं. आणि बायकोचा. दार उघडं ठेवल्याबद्दल.

गेल्या रविवारी सोलापूरहून धाकट्या भावाचा फोन आला. पुतणीचं लग्न ठरलं आहे, दोघांनी महिनाभर आधी या, म्हणाला.

"मी येतो," मी म्हणालो. "मला खूप यायचंय. ती येणार नाही."

"का? वहिनींची तब्येत बरी नाही का?"

"तब्येत उत्तम आहे. तिला यायचं नाही."

असं उत्तर आमच्या घराण्यात पूर्वी कुणी दिलेलं नसावं. मग तो म्हणाला, "त्या आहेत का जवळ?"

मी फोन बायकोकडे दिला. तिने पुतणीची चौकशी केली, मुलाकडच्यांची केली, साड्या कुठून घेताय ते विचारलं. आणि मग माझ्यासमोर, सरळ आवाजात म्हणाली, "नाही हो भाऊजी, काही झालेलं नाही. माझी इंग्रजीची परीक्षा आहे."