आजींच्या खोलीतली माझी ड्युटी

"शौचाचं भांडं हिनं काढलं तर चालेल. पाणी आणि औषध मात्र दुसरीच्या हातनं द्या."

सूनबाई हे माझ्यादेखत बोलल्या. आवाजसुद्धा खाली केला नाही. मी पलंगाशी उभी होते, हातात गोळ्यांची वाटी. त्याआधी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. मग घर कुठं, ते विचारलं. देहूरोडला, बुद्धविहाराजवळ म्हटल्यावर त्यांनी सासूकडं पाहिलं. आजींनी गोळीसाठी पुढं केलेला हात चादरीत ओढून घेतला.

मी आया नव्हते. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात शिकून, पास होऊन आलेली स्टाफ नर्स होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. चिंचवडच्या एका खाजगी दवाखान्यात लागले होते. आजींचा मुलगा भोसरीतला कारखानदार, आणि या दवाखान्याचा विश्वस्त. आजींचं न्हाणीघरात पडून मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं. खोली माझ्याकडं होती.

मी सुमनताईंकडं बघितलं. त्या आमच्या मुख्य सिस्टर. जन्मानं ब्राह्मण, पण पहिल्याच दिवशी स्वतःचा डबा माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या होत्या, "नर्सला जात नसते ग. नर्सला फक्त पेशंट असतो." मी घरी येऊन हे वाक्य आईला सांगितलं होतं. शेजारणींना सांगितलं होतं. एवढी खूश झाले होते. आता त्या काहीतरी बोलतील, म्हणून मी वाट बघत राहिले.

सुमनताई म्हणाल्या, "बरं."

एवढंच. माझ्या हातातली वाटी त्यांनीच काढून घेतली.

बाहेर व्हरांड्यात म्हणाल्या, "थोडे दिवस सांभाळून घे. म्हातारं माणूस आहे."

"मग माझी ड्युटी काय ताई?"

"ड्युटी तुझीच. फक्त औषधपाणी, इंजेक्शन मी देत जाईन."

आधी त्यांनी दिलंही. पण लवकरच वॉर्ड भरला. कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेले, भट्टीवर भाजलेले कामगार येत होते. सुमनताईंना पाय टेकायला वेळ मिळेना. मग त्यांनी शेवंताबाईंना इंजेक्शनला लावलं. शेवंताबाई आया होत्या. विधवा, दोन पोरींची आई. मनानं चांगल्या. पण सुई कधी हातात धरलेली नव्हती.

"त्या शिकलेल्या नाहीत ताई," मी म्हटलं.

"मी दाखवलंय तिला. तू नको त्यात पडू."

मी पडले नाही. मी आजींना कुशीवर वळवायचे. पुसायचे. घाणीची चादर काढायचे. भांडं धुवायचे. तेव्हा त्यांना माझा हात चालायचा. तोच हात साबणानं स्वच्छ धुऊन आले, की चालायचा नाही.

एकदा पुसताना मला आजींच्या कुल्ल्यावर सूज लागली. लाल, गरम, कडक. बोट लावलं तर म्हातारी कळवळली. मी तशीच सुमनताईंकडं गेले.

"आजींना सुईच्या जागी गळू होतंय. डॉक्टरांना बोलवा."

"बघते," म्हणाल्या. बघितलं नाही. मी दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. तेव्हाही "बघते." मग आजींना थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनी गळू कापलं. आजींचं ओरडणं पार खालच्या फाटकापर्यंत गेलं.

मुलगा कारखान्यातून धावत आला. व्हरांड्यात सगळ्यांना उभं केलं. डॉक्टर, सुमनताई, शेवंताबाई, मी.

"या खोलीची ड्युटी कुणाची?"

शेवंताबाई रडायलाच लागल्या. सुमनताईंनी माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीकडं बघून म्हणाल्या, "स्टाफ नर्स हीच होती."

शब्द खरे होते. माझी ड्युटी होतीच. मला तिथं सुईला हात लावू दिला नव्हता, ते त्या बोलल्या नाहीत. दोनदा येऊन सांगितलं, तेही बोलल्या नाहीत. ज्या बाईला मी आईच्या जागी मानलं, तिनं चार शब्दांत मला पुढं ढकललं आणि स्वतः मागं सरकली.

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "वाद वाढवू नको. आजींच्या पाया पड, माफी माग. मी मिटवते सगळं."

सूनबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "उंबऱ्याबाहेरूनच. आत नको."

मी ऐकलं. लांबून पाया पडायचं. गू काढायला आत, माफी मागायला बाहेर.

मी मोठ्यानं म्हटलं, "मी माफी मागणार नाही. माझ्या हातचं औषध तुम्हाला नको होतं. मग औषधाची जबाबदारी माझ्या डोक्यावर कशी? सुई कुणी दिली आणि कुणी द्यायला लावली, ते मुख्य सिस्टरांना विचारा. सूज मी त्यांना दोनदा सांगितली."

व्हरांड्यातले कामगार पेशंट वळून बघायला लागले. एकाचा हात प्लास्टरात होता, तो उठून उभाच राहिला. मुलगा डॉक्टरांना म्हणाला, "ही उद्यापासून दिसता कामा नये." डॉक्टरांनी मान हलवली.

नोकरी गेली.

बाबा लष्कराच्या डेपोत हमाली करायचे. त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, "आमी देवाच्या पाया पडायचं सोडलं. आन् ही म्हातारी कोण लागून गेली? बरं केलंस पोरी." आई मात्र रडत होती. घरात माझाच पगार धड होता.

त्याच आठवड्यात सुमनताई आमच्या घरी आल्या. चाळीत, एकट्या. आईनं पाणी दिलं. गटागटा प्यायल्या. पेला खाली ठेवून म्हणाल्या, "आकुर्डीला ओळखीचे डॉक्टर आहेत. तुझ्यासाठी शब्द टाकते. फक्त तिकडं झालेलं कुठं बोलू नको. माझी निवृत्ती जवळ आली ग."

मी म्हटलं, "तुम्ही आमच्या घरचं पाणी प्यालात."

"मला शिवाशिव मान्य नाही. तुला माहीत आहे."

"आजींना मान्य आहे, म्हणून त्या पाळतात. तुम्हाला मान्य नाही, तरी तुम्ही पाळलीत. माझ्यावर पाळलीत. त्यांचा मला राग आला ताई. पण घात तुम्ही केलात."

त्यांचे डोळे भरून आले. पदर तोंडाला लावला. पूर्वी मी विरघळले असते. त्या दिवशी मी हलले नाही.

"शब्द टाकू नका," म्हटलं. "मी काम शोधीन. आणि कुणी विचारलं, तिथली नोकरी का गेली, तर जे झालं तेच सांगीन. तुमच्या नावासकट."

त्या उठल्या. आईनं दारापर्यंत सोडलं. मी जागची उठले नाही.

काम मिळायला फार दिवस गेले. जिथं गेले तिथं विचारलं, आणि मी सांगितलं. काहींनी तोंडावर दार लावलं. तरी सांगितलं. शेवटी मिळालं, तेव्हा पहिल्या दिवशीच तिथल्या सिस्टरला म्हटलं: पेशंटचं सगळं काम मी करीन, घाणीपासून सुईपर्यंत. अर्धं करणार नाही. कुणाला माझा हात नको असेल, तर त्याच्या खोलीवर माझं नाव लावायचं नाही.

सुमनताईंना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.