टाळ्यांचा नियम

पौडजवळ चांदे गावाकडे तेव्हा जमिनी विकल्या जात होत्या आणि आलेला पैसा वर्षभरही टिकत नव्हता. ते बघून मी शेजारच्या रिहे गावच्या शाळेत शनिवारी दुपारी नववी-दहावीची मुलं आणि त्यांच्या आया यांचा एकत्र वर्ग घ्यायला लागले. विषय एकच, पैसा कसा सांभाळायचा. माझा एक नियम होता. महिनाअखेरीला सगळ्यांनी पोस्टाचं पासबुक आणायचं आणि ज्या घरची शिल्लक खाली आली नाही, त्यांच्यासाठी वर्गाने टाळ्या वाजवायच्या. या युक्तीबद्दल मी स्वतःवरच खूश होते.

वरच्या वाडीतल्या एका मुलीची आई दोन वर्षं टाळ्या घेत होती. दुसऱ्याच्या भातखाचरात राबायची, उन्हाळ्यात करवंदं विकायची, पण शिल्लक चढतीच. येईल त्याला मी तिचं उदाहरण द्यायचे.

मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. पौडला अकरावीच्या प्रवेशाचा एकच दिवस उरला आणि ही पोरगी मला भात लावताना दिसली. माझं डोकं फिरलं. बांधावरूनच मी आईला फैलावर घेतलं. पैसे संपले का, विचारलं.

"हायेत की," ती म्हणाली. "पन काडलं तर आकडा खाली यील, बाई. तुमीच म्हनला व्हता, खाली येऊ द्यायचा न्हाई."

दोन वर्षं मी साठवायला शिकवलं आणि कशासाठी साठवायचं ते सांगायचं राहूनच गेलं. फार लाज वाटली. मी म्हटलं, "अगं, याच्यासाठीच तर चढवलास ना तो?" ती चिखलाचे हात धुवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघी पौडला गेलो. आधी पोस्ट, मग कॉलेज. फी भरली, एसटीचा पासही काढला. परतताना पोरगी खिडकीशी बसून गुणगुणत होती. आई मात्र पुन्हा पुन्हा पासबुक उघडून बघत होती.

महिनाअखेरीला ती मागच्या बाकावर बसली, पासबुक पदराखाली. मी वर्गाला माझी चूक सांगितली. ठरवलेल्या कामाला पैसे काढले तरी टाळ्या, असा नियम बदलला. मग ती उठली, टेबलापाशी आली आणि आकडा खाली आलेलं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"बगा, बाई," ती म्हणाली. "लई कामाला आला."