न सुटलेला डार्ट

कोणी काही नेमकं काम करायला लागलं, की काका त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. मी त्यांच्या अरुंद ड्राइव्हवेमध्ये गाडी रिव्हर्स घेत असले, की ते कुंपणापाशी जाऊन कुंपणाकडे तोंड करून थांबायचे. हात मागे बांधलेले, मान सरळ, श्वाससुद्धा जपून घेतलेला. इंजिन बंद झालं की वळायचे आणि "झालं तुझं? चल," म्हणून आत जायचे.

सुरुवातीला मला तो तुसडेपणा वाटला. आपल्याकडची माणसं अशा वेळी गाडीच्या मागे उभी राहून हात हलवतात, काच ठोकतात, डावीकडे घे म्हणतात. काका प्लंबरकडेही पाठ करायचे, इंजेक्शनची सुई भरणाऱ्या नर्सकडेही. एकदा मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "आपण बघत राहिलो की समोरच्याचा हात बिघडतो."

लोअर हटमध्ये त्यांच्या घरामागे एका खोलीचं छोटं बांधकाम होतं. तिथे मी भाड्याने राहायचे आणि रोज ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसात जायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी पाच-सहा तासांवर, रोटोटुनाला. काका सत्तरच्या दशकात मुंबईहून लेथवरचा टर्नर म्हणून आलेले, त्यामुळे त्यांची मराठी त्या काळात थांबली होती आणि इंग्रजी पार इथली झाली होती. 'बिऱ्हाड' आणि 'स्वीट अॅज', म्हणजे इथलं 'झकास', हे दोन्ही शब्द त्यांच्या एकाच वाक्यात यायचे.

पाठ करून उभं राहण्याचं मूळ मला एका गुरुवारी कळलं. सकाळची ट्रेन रद्द झाल्याने मी दिवसभर घरीच होते. काका म्हणाले, घरी बसून काय करणार, क्लबात चल.

क्लबचा हॉल मोठा होता आणि जवळजवळ रिकामा. भिंतीवर ओळीने डार्ट बोर्ड लावायच्या लाकडी पाट्या होत्या, पण बोर्ड दोनच उरले होते. खेळणारे बहुतेक सगळे म्हातारे. काका एका बोर्डाशेजारी हातात मार्कर घेऊन उभे राहिले, बोर्डाकडे तोंड आणि खेळणाऱ्याकडे पाठ. पाचशे एकपासून सुरू करून शून्यावर यायचं, आणि शेवटचा डार्ट बाहेरच्या बारीक कड्यात, म्हणजे डबलमध्ये, मारायचा. स्कोअर लिहिणाऱ्याने किती झाले आणि किती राहिले तेवढंच सांगायचं. हलायचं नाही, वळायचं नाही, खेळणाऱ्याच्या नजरेला नजर द्यायची नाही. काका ते इतकं नीट करायचे की ते तिथे आहेत हेच विसरायला व्हायचं.

"तुम्ही नाही खेळत?" मी परत येताना विचारलं.

"खेळायचो."

मग पुढच्या कितीतरी रविवारी चहाबरोबर थोडं थोडं बाहेर आलं. त्या काळी गुरुवारी हॉलमध्ये उभं राहायला जागा नसायची. सिगारेटच्या धुरात बोर्डावरचे आकडे अंदाजाने बघायचे. प्रांताच्या मॅचेसना बस करून पामरस्टन नॉर्थला, व्हांगानुईला जायचे. यजमान टीमने मॅचनंतर जेवायला घालायचं असा नियम होता. टेबलावर सॉसेज रोल, अंड्याचे सँडविच, आणि आपली पाळी असली की काकूंचे बटाटेवडे. एका पाहुण्या कॅप्टनने त्यावर टोमॅटो सॉसची अर्धी बाटली ओतली, ते काकूंनी शेवटपर्यंत माफ केलं नाही.

त्यांचा जोडीदार माओरी होता. जोडीने खेळायचं म्हणजे आळीपाळीने तीन-तीन डार्ट. दोघं एकाच कारखान्यात कामाला होते. मी भेटले तोवर त्याला सगळेच कोरो म्हणत होते, म्हणजे आजोबा. क्लबात मटणाच्या ट्रेची रॅफल, म्हणजे सोडत, असायची आणि ती नेमकी काकांनाच लागायची. तो ट्रे काकू घरात येऊ देत नसत, म्हणून परस्पर कोरोच्या घरी जायचा. कोरो अजून सांगायचा, की आपली पोरं या शाकाहारी माणसाच्या नशिबावर मोठी झाली.

आणि मग एका गुरुवारी काकांचा हात सुटला नाही.

हे त्यांनी मला उभं राहून करून दाखवलं होतं. कोपर वर, डार्ट डोळ्यासमोर, हात पुढे जातो आणि बोटं उघडतच नाहीत. दुखत नाही, थरथरत नाही. हात तिथपर्यंत जातो आणि परत येतो. या दुखण्याला इंग्रजीत नाव आहे, डार्टायटिस, आणि ते ऐकून डॉक्टर हसले होते. काका म्हणाले की डॉक्टर हसले तेव्हा आपणही हसलो, आणि बाहेर येऊन गाडीत बराच वेळ बसून राहिलो. कशामुळे झालं ते त्यांना कधीच कळलं नाही. कधी म्हणायचे लेथवर काम करून, कधी म्हणायचे प्रांताच्या टीममध्ये निवड व्हायची होती त्याचं दडपण.

दुसऱ्या कोणी क्लब सोडला असता. काकांनी मार्कर हातात घेतला. तेव्हापासून दर गुरुवारी ते दुसऱ्यांचे आकडे लिहीत होते. कोरो पुढे वेगवेगळ्या लोकांबरोबर खेळला, पण पार्टनर म्हणून हाक काकांनाच मारायचा.

मी राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी क्लबाने हॉल विकायचं ठरवलं. हा सीझन संपला की डार्ट्स बंद. त्याच सुमारास काकांच्या मुलीने त्यांना कायमचं रोटोटुनाला न्यायचं नक्की केलं. घर दमट आहे, छातीला बरं नाही, हे तिचं म्हणणं खरंच होतं. आणि कोरोचं डायलिसिस सुरू झालं होतं.

कोरो एका दुपारी बायकोबरोबर आला आणि ओट्यावर बसला. त्याचं मागणं साधं होतं. शेवटच्या गुरुवारी एक गेम काकांबरोबर जोडीने खेळायचा. काका म्हणाले, "तुला माहीत आहे माझं." कोरो म्हणाला की माहीत आहे, म्हणूनच इतकी वर्षं विचारलं नाही, पण आता थांबता येणार नाही.

त्या आठवड्यात काकांनी गॅरेजमधला बोर्ड पुसून काढला आणि माझ्या दारावर टकटक केली.

"पोरी, तुला न बघता उभं राहता येतं. फार थोड्या लोकांना येतं ते."

मला कोणी असं कधी म्हटलं नव्हतं. नजरेला नजर देत नाही म्हणून शाळेपासून मी बोलणीच खात आले होते.

ऑफिसातून आले की मी बोर्डाशेजारी उभी राहायचे. गॅरेजमध्ये आकडे मराठीत चालायचे, आणि तिथे माझी पंचाईत व्हायची. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यात मी हटकून चुकायचे. "एवढी इंग्लिश मीडियमची शाळा, आणि साधं एकोणऐंशी येत नाही?" काका म्हणायचे. चिडवताना त्यांचा आवाज मोकळा व्हायचा. मग ते रेघेवर जायचे आणि सगळं शांत व्हायचं.

पाठमोरं उभं राहिलं की खूप ऐकू येतं. बाही वर जाताना कापडाचा आवाज, बूट थोडा सरकतो तो. मग श्वास थांबतो. मग काहीच नाही. मग श्वास सुटतो आणि काका म्हणतात, "नाही."

बऱ्याच संध्याकाळी एवढंच झालं. मग एकदा माझ्या कानाजवळून काहीतरी गेलं आणि बोर्डाच्या बाहेर फळीत घुसलं. काका पुढे आले, डार्ट उपटला, त्या भोकावरून अंगठा फिरवला. "चुकला," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. त्यानंतर कधी तिनांतला एक सुटायचा, कधी दोन. फोनवर त्यांनी कोरोला सांगितलं की जमेल बहुतेक.

शेवटच्या गुरुवारी बाहेर अजून उजेड होता. हॉलमध्ये जुनी माणसं आली होती, काही काठीवर, काही मुलांना घेऊन. कोरोच्या डाव्या हाताला डायलिसिसची पट्टी होती. बोर्डापाशी स्कोअर लिहायला कोण उभं राहणार, हा प्रश्न कोणालाच आधी सुचला नव्हता, कारण ते काम कायम काकांचं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी माझ्याकडे बोट केलं. एवढ्या लोकांसमोरून चालत जाणं मला किती जड गेलं ते सोडून देते.

काकांचे पहिले तीन डार्ट सुटले. फार आकडे नाही मिळाले, पण सुटले. हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही, सगळ्यांना कळत होतं. दुसऱ्या खेपेला दोन सुटले, तिसरा त्यांनी खाली घेतला. कोरो मात्र काठी टेबलाला टेकवून असा खेळत होता की समोरच्या जोडीने माना डोलावल्या. त्याने बत्तीस शिल्लक ठेवले. डबल सोळा लागला की जिंकलो. पाळी काकांची.

"थर्टी-टू," मी म्हणाले आणि बोर्डाकडे तोंड केलं.

बाहीचा आवाज आला. बूट सरकला. मग काहीच नाही. कोणाच्या तरी ग्लासातला बर्फ हलला. परत बाही, परत काही नाही. मला वळून बघावंसं वाटत होतं आणि मी वळले नाही. मग टेबलावर तीन डार्ट ठेवल्याचा आवाज आला, एकेक करून.

"नो स्कोअर, पोरी. सांग त्यांना."

मी सांगितलं, पण माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नसेल.

"मोठ्याने सांग. लिहिणाऱ्याने मोठ्याने सांगायचं असतं."

मी मोठ्याने सांगितलं.

समोरच्या माणसाने त्याचे तिन्ही डार्ट भलतीकडेच मारले. तो चांगला खेळणारा होता, त्यामुळे कोणाची फसवणूक झाली नाही. कोरोच्या पाळीला त्याचा एक डार्ट साध्या सोळात गेला, बाकीचे दोन चुकले. त्याचा हात थकला होता. समोरच्या दुसऱ्यानेही मुद्दाम चुकवले. काकांची पाळी परत आली. सोळा राहिले होते, आणि परत तसंच झालं. या वेळी डार्ट ठेवून त्यांनी समोरच्या जोडीला इंग्रजीत, अगदी हळू आवाजात सांगितलं की नीट खेळा. इतकी वर्षं मी तुमचा प्रत्येक आकडा खरा लिहिला आहे.

मग ते नीट खेळले आणि गेम संपला.

हस्तांदोलनं झाली. कोरोने काकांच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझा पार्टनर ते डार्ट नाताळसाठी राखून ठेवतोय." लोक हसले. काका हसले नाहीत. मी बोर्डावरचे आकडे पुसायला घेतले, म्हणजे चेहरा कोणाकडे करायला नको.

पंधरवड्याच्या आत काका रोटोटुनाला गेले. मुलीचं घर नवीन, भिंती जिप्समच्या, तिथे काही ठोकायचं नाही. फोन केला की हवेबद्दल बोलायचे, नातवंडं इंग्रजीत उत्तरं देतात ते सांगायचे, आणि फोन लवकर ठेवायचे.

नाताळ यायच्या आधीच कोरो गेला.

त्याला तीन दिवस मारेवर, म्हणजे माओरींच्या सभास्थानी, ठेवलं होतं, त्याच्या लोकांमध्ये. शेवटच्या दिवशी मी रजा काढून गेले. काकांना मुलीने गाडीने आणलं होतं. ते अंगाने अर्धे झाल्यासारखे दिसत होते. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. दफनभूमी टेकडीवर होती. पेटी खाली गेल्यावर माणसं एकेक करून पुढे जाऊन मूठभर माती टाकत होती. काकांनी वाकून माती घेतली, खड्ड्याच्या कडेला गेले, हात पुढे केला.

हात तसाच राहिला.

मागे रांग होती. कोणी ढकललं नाही, कोणी खोकलंसुद्धा नाही. मग काकांनी तो हात छातीशी घेतला आणि बाजूला झाले.

त्यांच्यात दफनभूमीतून बाहेर पडताना पाण्याने हात धुवायचे असतात. फाटकाशी एक नळ होता. काका नळाखाली हात धरून उभे होते, मूठ मिटलेली. बोटांच्या फटींतून काळं पाणी येत होतं.

"डॅड, हात उघडा ना," त्यांची मुलगी म्हणाली.

ते प्रयत्न करत होते. मनगटावरच्या शिरा दिसत होत्या.

कोरोची बायको काळ्या कपड्यांत मागून आली. तिने मुलीला हाताने थोडं बाजूला केलं, काकांची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि उघडायचा प्रयत्न न करता, होती तशीच, बाहेरून धुतली.